आतली शिल्लक



मागच्या मासिक बैठकीत एका ताईंनी विचारलं, "शरीरात सत्तर टक्के पाणी आणि पृथ्वीवरही सत्तर टक्के, हे खरं का?" ऐकायला छान वाटतं, पण ते अर्धंच खरं. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, पण समुद्र म्हणजे वरचा पातळ थर. पृथ्वीच्या वजनात त्याचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. बाईच्या शरीरात मात्र वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतं.

मग साम्य कशात? एक म्हणजे लोखंडात. आपल्या पायाखाली सुमारे २,९०० किलोमीटरवर पृथ्वीचा गाभा सुरू होतो, तो मुख्यतः लोखंडाचा. आपल्या शरीरात लोह जेमतेम तीन-चार ग्रॅम, एका लहान खिळ्याएवढं. पण तेवढ्यावरच रक्त प्राणवायू वाहून नेतं.

दुसरं साम्य आपल्या विहिरीत आहे. आपल्याकडचा काळा कातळ सलग असेल तिथे पाणी धरत नाही. पाणी साठतं वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. विहीर मार्चमध्ये आटली असं आपण म्हणतो, पण पातळी दिवाळीपासूनच उतरत असते. शरीराचंही तसंच. यकृतात लोहाचा साठा असतो. आधी तो संपतो, मग हिमोग्लोबिन उतरतं, आणि त्यानंतर आपल्याला धाप लागते.

माझंच सांगते. चढ चढताना दम लागायचा. उन्हाचा त्रास असेल म्हणून मी सहा महिने काढले. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६! गरोदर नसलेल्या बाईचं ते किमान १२ हवं, गरोदर बाईचं ११. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. म्हणजे दर दोघींत एकीपेक्षा जास्त.

अशा वेळी आपण काय करतो? विहीर आटली की बोअर आणखी खोल मारतो, अंगात त्राण नसलं की सलाईन लावून घेतो. पण बोअर खोल गेला म्हणून पावसाचं पाणी जास्त मुरत नाही, आणि सलाईनमध्ये मीठपाणी किंवा साखरपाणी असतं, लोह नसतं. साठा भरावाच लागतो. जमिनीत तो बांधबंदिस्ती आणि शोषखड्ड्यांनी भरतो. शरीरात पालेभाज्या, कडधान्यं, चालत असेल तर मटण-मासे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या यांनी. जेवणात लिंबू किंवा आवळा घ्या, लोह चांगलं अंगी लागतं. चहा मात्र जेवण आणि गोळीपासून तासभर लांब ठेवा.

बचतीचा हिशेब आपण दर महिन्याला लिहितो. त्याच वहीत आता आणखी दोन रकाने आखूया. एकात गावातल्या विहिरीची पातळी, दोरी सोडून मोजलेली. दुसऱ्यात प्रत्येकीच्या रक्ततपासणीची तारीख. खात्यात किती उरलंय हे पासबुक बघितल्याशिवाय कळत नाही, तसंच हेही.

पुढच्या बैठकीला येण्याआधी उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून या. येताना सासूबाईंना आणि लेकीलाही सोबत न्या.