दम्याचा पंप, गोळी आणि जलतरणपटू

सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील अणदूर आणि शेजारच्या नळदुर्गच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मुले पोहायला शिकली ती विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. आता याच भागातील व्यापारी घरांतील मुले शिक्षणासाठी सोलापूर-पुण्यास जातात, तेथील जलतरण तलावांत सराव करतात आणि स्पर्धांत उतरतात. विहिरीतून तलावात गेल्यावर पाणी बदलते, तशी पाण्यावरची हवाही बदलते. दमा असलेल्या मुलांच्या पालकांनी हा बदल समजून घेणे अगत्याचे आहे.

दमेकऱ्याला पोहणे मानवते, ही समजूत निराधार नाही. कोरड्या, थंड हवेत धावताना श्वासनलिका आकसतात; पाण्यालगतची हवा दमट असल्याने तो त्रास कमी होतो. अमेरिकेची अ‍ॅमी व्हॅन डायकन दम्यावर उपाय म्हणूनच पोहू लागली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिने ४ सुवर्णपदके पटकावली. परंतु स्पर्धेसाठी रोज काही तास पोहणाऱ्याची गोष्ट निराळी. पाण्यातील क्लोरीनचा घाम आणि लघवीशी संयोग होऊन ट्रायक्लोरामाइन नावाचा वायू तयार होतो. बंदिस्त तलावात तो पाण्याच्या पृष्ठभागालगत साचतो आणि जलतरणपटू नेमका तेथेच दीर्घ श्वास घेतो. त्यामुळे अव्वल जलतरणपटूंमध्ये दम्याचे प्रमाण इतर बहुतेक खेळाडूंपेक्षा अधिक आढळते. तलावात उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ करण्याचा नियम केवळ शिष्टाचाराचा नाही, तो श्वासाच्या रक्षणाचा आहे.

निदान झाल्यावर खरी अडचण घरात सुरू होते. ‘पंपाची सवय लागते’, ‘चारचौघांत पंप ओढलेला दिसला तर मुलीच्या लग्नाचे काय?’ अशा शंकांपोटी पंप कपाटात राहतो आणि त्याऐवजी गोळी किंवा खोकल्याचे औषध दिले जाते. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी तोट्याचा आहे.

आधी प्रकृतीचा हिशेब पाहावा. साल्ब्युटामॉलच्या पंपातून एका वेळी साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध मिळते आणि ते थेट श्वासनलिकेत पोहोचते. त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ४० वेळा ओढलेल्या पंपाइतकी मात्रा. ती रक्तातून सर्व शरीरभर फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते आणि गुणही उशिरा येतो. शिवाय हा पंप केवळ तात्पुरता आराम देतो. श्वासनलिकेची मूळ सूज कमी करणारे औषध म्हणजे स्टिरॉइडचा पंप. तो डॉक्टर सांगतील तसा नियमित घ्यावा लागतो आणि घेतल्यावर चूळ भरावी लागते. दम्यावरील जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ साल्ब्युटामॉलवर विसंबू नये, असे सांगितले आहे.

दुसरा हिशेब नियमांचा. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, पंपातून घेतलेल्या साल्ब्युटामॉलला २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत परवानगी देते; मात्र कोणत्याही ८ तासांत ते ६०० हून अधिक नसावे. ही शिस्तीची मर्यादा आहे, उपचाराची मात्रा नव्हे. पंपातील स्टिरॉइडलाही बंदी नाही. परंतु तेच साल्ब्युटामॉल गोळी वा पातळ औषधातून घेतले, तर ते निषिद्ध ठरते. खोकल्याच्या अनेक औषधांत असणारे टर्ब्युटालिन तर कोणत्याही मार्गाने पूर्वपरवानगीवाचून घेता येत नाही. भारतात ही तपासणी ‘नाडा’ करते. म्हणजे लोकांपासून लपविण्यासाठी निवडलेली गोळीच खेळाडूला दोषी ठरवू शकते.

नोंदीची किंमत काय असते, हे रिक डेमाँटच्या प्रकरणावरून कळते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये या १६ वर्षांच्या अमेरिकी मुलाने ४०० मीटर फ्रीस्टाइल शर्यत अवघ्या ०.०१ सेकंदाने जिंकली. त्याच्या दम्याच्या गोळीत एफेड्रिन सापडले आणि सुवर्णपदक काढून घेण्यात आले. मुलाने आपले औषध अर्जात लिहिले होते. परंतु संघाच्या डॉक्टरांनी ते पुढे तपासून घेतले नाही. अमेरिकी ऑलिंपिक समितीने त्याची बाजू २००१ मध्ये मान्य केली. पदक मात्र परत मिळाले नाही. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत तो हीच शर्यत ४ मिनिटांच्या आत पोहणारा पहिला जलतरणपटू ठरला होता.

आरोग्याचे ज्ञान केवळ डॉक्टरांच्या खोलीत राहू नये, हे अणदूरने यापूर्वीच दाखवून दिले आहे. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने येथे गावातल्या स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडविले. मग जमाखर्चात पै-पैची नोंद ठेवणाऱ्या घरांना मुलाच्या औषधाची एक वही जड जाऊ नये. औषधाचे नाव, मात्रा, घेण्याचा मार्ग आणि तारीख तीत लिहावी. डॉक्टरांची चिठ्ठी आणि श्वासचाचणीचा अहवाल जोडावा. नवे औषध, अगदी खोकल्याचेही, देण्यापूर्वी मूल स्पर्धेत उतरते हे डॉक्टरांना आणि औषध दुकानदाराला सांगावे. प्रशिक्षकालाही दम्याची कल्पना द्यावी आणि पंप कपाटात न ठेवता मुलाच्या पिशवीत, तलावाच्या काठावर, हाताशी ठेवावा.