ठेका जपानचा, वेश अमेरिकेचा!

व्हिडिओ गेमचा पुढचा भाग सहसा पहिल्या भागाच्या घवघवीत विक्रीनंतर निघतो. निन्टेंडो कंपनीच्या 'एलिट बीट एजंट्स' या खेळाची कहाणी मात्र निराळी आहे. ज्या जपानी खेळाच्या पायावर तो उभा राहिला, त्याची मायदेशातील विक्री बेताचीच होती. मूळ खेळाला उचलून धरले ते जपानी भाषेचे अक्षरही न वाचता येणाऱ्या परदेशी खेळाडूंनी. पुढे त्यांच्यासाठीच नवा खेळ तयार झाला, तेव्हा त्यांच्यापैकी काही जणांना तो पुरेसा 'जपानी' वाटला नाही.

मूळ खेळाचे नाव 'ओस! तताकाए! ओएन्दान'. 'इनिस' या जपानी संस्थेने तो घडविला आणि निन्टेंडोने जुलै २००५ मध्ये आपल्या दोन पडद्यांच्या 'डीएस' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी बाजारात आणला. 'ओएन्दान' म्हणजे जपानमधील शाळा-महाविद्यालयांची प्रोत्साहन पथके. काळा लांब गणवेश, कपाळाला पट्टी, ढोलाचा गजर आणि खड्या आवाजातील आरोळ्या हा त्यांचा थाट. सामन्याच्या वेळी ती आपल्या संघाला चेव आणतात. या खेळातील पथक मात्र सामान्य माणसांच्या अडचणीत धावून जाते. परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी किंवा गिऱ्हाईक नसलेला खानावळवाला मदतीसाठी हाक मारतो आणि तीन तरुण तेथे येऊन नाचू लागतात!

ठेका चुकला, की काम बिघडले

खेळण्याची पद्धत सोपी, पण कसोटी पाहणारी आहे. गाणे सुरू होताच खालच्या पडद्यावर आकडे घातलेली वर्तुळे उमटतात. प्रत्येक वर्तुळाभोवती एक कडे आवळत येते आणि ते वर्तुळाला भिडते त्याच क्षणी लेखणीने टिचकी मारायची असते. कधी घरंगळणाऱ्या चेंडूच्या मागे लेखणी न्यायची, तर कधी चक्र गरागरा फिरवायचे. वरच्या पडद्यावर चित्रकथा पुढे सरकत असते. ठेका साधला तर कथेतील माणसाचे नशीब फळफळते आणि चुकला तर त्याची फजिती होते. कथा मुख्यतः चित्रांतून कळत असल्याने भाषेचा अडसर फारसा जाणवत नाही. शिवाय 'डीएस'च्या खेळांना देशाचे बंधन नव्हते. जपानमधील प्रत अमेरिकेतील यंत्रावर विनासायास चालत असे. त्यामुळे हौशी खेळाडूंनी ती जपानमधून मागविली आणि एकाने दुसऱ्याला सांगत तिची कीर्ती पसरली.

वेश का बदलला?

पाश्चात्त्य बाजारासाठी खेळ आणायचा, तर केवळ भाषांतर पुरणारे नव्हते. गणवेशातील पुरुषांच्या प्रोत्साहन पथकाची परंपरा अमेरिकेत नाही आणि जपानी गाणीही तेथील सर्वसामान्यांना अपरिचित. म्हणून निर्माते केइची यानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पथकाच्या जागी काळ्या सूटमधील सरकारी 'एजंट' आणले, कथा नव्याने रचल्या आणि १९ इंग्रजी गाणी निवडली. नोव्हेंबर २००६ मध्ये उत्तर अमेरिकेत आणि २००७ मध्ये युरोपात तो दाखल झाला.

समीक्षकांनी त्याची तोंडभरून स्तुती केली. खेळाडूंमध्ये मात्र दोन तट पडले. मूळ खेळ अनुभवलेल्या काहींना कपाळपट्टीवाल्या तरुणांचा आवेश सूटमधील एजंटांत सापडला नाही. गाणी मूळ कलावंतांऐवजी इतरांच्या आवाजात होती, तेही अनेकांना खटकले. दुसऱ्या गटाला विनोद अचूक पोहोचल्याचा आनंद होता. त्यांच्या दृष्टीने या खेळाचे सर्वात मोठे यश होते ते नाताळच्या कथेत. नाताळपर्यंत परत येतो, असे लहान मुलीला सांगून गेलेल्या वडिलांचा मृत्यू होतो, तरीही ती वाट पाहत राहते. हास्याच्या कारंज्यात अचानक आलेल्या या संथ गाण्याने अनेकांचे डोळे पाणावले. ठेक्याच्या खेळातून शोकही व्यक्त होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

कौतुक झाले, तरी विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. अमेरिकी अवताराला दुसरा भाग मिळाला नाही. इनिसने मे २००७ मध्ये जपानसाठी 'ओएन्दान'चा दुसरा भाग काढला आणि त्यात जुन्या पथकासमोर शेजारच्या भागातील प्रतिस्पर्धी पथक उभे केले. परदेशी चाहत्यांनी तोही मागविला. त्यानंतर या मालिकेत नवा खेळ आलेला नाही.

वारसा खेळाडूंच्या हाती

कंपनीने थांबविलेला ठेका खेळाडूंनी पुढे चालू ठेवला. ऑस्ट्रेलियातील डीन हर्बर्ट या तरुणाने 'ओएन्दान'पासून प्रेरणा घेऊन सप्टेंबर २००७ मध्ये 'ओसु!' हा संगणकावरील मोफत खेळ प्रसिद्ध केला. तीच वर्तुळे, तेच आवळणारे कडे आणि तेच फिरणारे चक्र. फरक एवढाच, की येथे कोणत्या गाण्यावर खेळायचे ते कंपनी ठरवीत नाही. खेळाडू स्वतःच गाण्यांवर वर्तुळांची मांडणी करून ती इतरांना देतात. आज या खेळाचे चाहते जगभर पसरले आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांनी मूळ 'ओएन्दान' कधी हातातही घेतलेला नसेल.

गाणी बदलली, गणवेश बदलले, एजंट आले आणि गेले. 'ओसु!'मध्ये तर पथकही नाही आणि कथाही नाही. टिकली ती टिचकी आणि ताल यांची जुळणी. एजंटांच्या वेशावरून वाद घालणाऱ्या दोन्ही तटांना मुळात याच जुळणीने वेड लावले होते. विक्रीच्या आकड्यांनी मालिका थांबविली खरी, पण ती खेळणाऱ्यांच्या बोटांतील ठेका काही थांबला नाही.