सगळे सारखेच? : पुढारी, पुस्तकं आणि झिरो एरर

मित्रांनो, आपल्या मेसमध्ये दोन गोष्टी रोज ठरलेल्या असतात. एक बटाट्याची भाजी आणि दुसरी राजकारणावरचा वाद. निवडणूक जवळ आली की भाजीकडे कुणाचं लक्ष राहत नाही, हाच काय तो फायदा. या वादात साधारण दोन पक्ष असतात. पहिला म्हणतो, "सगळे चोर आहेत रे, कुणालाही निवडून दिलं तरी सारखंच." दुसरा म्हणतो, "आमच्या साहेबांबद्दल एक शब्द बोलायचा नाही." पहिल्या वर्षी मी पहिल्या पक्षात होतो आणि बऱ्यापैकी मोठ्या आवाजात होतो. तिसऱ्या वर्षापर्यंत मी तो पक्ष सोडला. दुसऱ्यातही गेलो नाही. मधल्या काळात काय झालं, ते सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात झाली एका फोटोपासून. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात आमचं गाव. घरी सोप्यात यशवंतराव चव्हाणांचा फोटो आहे आणि दसऱ्याला आबा त्याला न चुकता हार घालतात. हेच आबा ३० नोव्हेंबर १९५७ ला, वयाच्या तेराव्या वर्षी, चुलत्याचा हात धरून वाईकडे गेले होते. पंडित नेहरू त्या दिवशी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला येणार होते आणि संयुक्त महाराष्ट्र समितीने निदर्शनं ठेवली होती. आबांच्या हातात काळा झेंडा होता. घोषणा नेहरूंच्या विरुद्ध होत्या, तशा मुख्यमंत्री असलेल्या यशवंतरावांच्या विरुद्धही होत्या.

मी विचारलं, "आबा, ज्यांना काळा झेंडा दाखवला, त्यांनाच हार?"

आबा म्हणाले, "तवा तसं वाटलं, मागनं असं वाटलं."

एवढ्यावर समाधान मानेल तो इंजिनिअरिंगचा विद्यार्थी कसला! मी पुस्तकं शोधायला लागलो. खरं तर परीक्षा तोंडावर होती, पण अभ्यास सोडून काहीही वाचायला तेव्हाच सुचतं, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

ज्यांना हा इतिहास शाळेत घाईने उरकल्यामुळे आठवत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने गुजराती आणि मराठी भागांचं एकच द्विभाषिक मुंबई राज्य सुचवलं, त्यातून विदर्भ मात्र वेगळा ठेवला. मुंबईसह मराठी भाषकांचं राज्य हवं म्हणून आंदोलन पेटलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं नेहरूंनी जाहीर केल्यावर पुन्हा गोळीबार झाले. हुतात्म्यांचा आकडा कुठे १०५, कुठे १०६, तर कुठे १०७ असा वाचायला मिळतो. फेब्रुवारी १९५६ मध्ये समिती स्थापन झाली, नोव्हेंबरमध्ये द्विभाषिक राज्य आलं आणि यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

आता पुस्तकांकडे या. गोळीबाराच्या वेळी मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. त्यांचं आत्मचरित्र १९७४ च्या सुमारास आलं आणि ते अर्थातच त्यांच्या बाजूने लिहिलेलं आहे. समितीचे नेते एस. एम. जोशी यांचं 'मी एस. एम.' १९८४ चं. लालजी पेंडसे स्वतः चळवळीतले, त्यांचं 'महाराष्ट्राचे महामंथन'. हे एकामागून एक चाळलं तर आपण एकाच राज्याबद्दल वाचतोय की वेगवेगळ्या, असा प्रश्न पडतो. मला पहिल्यांदा वाटलं, झालं! पुढारी खोटे आणि त्यांची पुस्तकंही खोटी. मेसमधला पहिला पक्ष जिंकला.

पण मग मला पहिल्या सेमिस्टरचं फिजिक्स लॅब आठवलं. व्हर्निअर कॅलिपर हातात दिल्यावर सरांनी पहिल्यांदा काय करायला लावलं होतं? जबडे मिटवून झिरो एरर बघायला. लॅबमधल्या बहुतेक व्हर्निअरमध्ये एरर असतोच, म्हणून आपण तो कॅलिपर फेकून देत नाही. एरर किती आणि कुठल्या बाजूला आहे ते लिहून ठेवतो आणि रीडिंगमधून वजा करतो. पुढाऱ्याचं पुस्तक असंच वाचायचं. प्रत्येकात झिरो एरर असणारच. आपलं काम तो शोधायचं.

तो कसा शोधायचा? मला चार प्रश्न उपयोगी पडले.

पहिला प्रश्न : कधी लिहिलंय? घटना १९५५ ची आणि आत्मचरित्र १९८४ चं, म्हणजे मध्ये जवळजवळ तीस वर्षं गेली. तेवढ्या काळात आठवणीला पॉलिश बसतं. आपण स्वतः अकरावीतल्या मारामाऱ्या आज कशा सांगतो ते आठवा! इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरं गोळा केली आणि नंतर लिहिलेल्या बखरींपेक्षा त्या त्या वेळच्या पत्रांना जास्त किंमत दिली, ती यासाठीच. पत्र लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे माहीत नसतं. बखर लिहिणाऱ्याला ते माहीत असतं.

दुसरा प्रश्न : हे बोलण्याने बोलणाऱ्याचा फायदा झाला की तोटा? चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली नाही हेही त्या वेळी बोलून दाखवलं. खुर्ची मिळवण्यासाठी बोललेलं वाक्य आणि खुर्ची सोडून बोललेलं वाक्य, यांचं वजन एक नसतं. उलटही बघा. १९५५ च्या अखेरीस संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांच्यात आपण नेहरूंच्या बाजूला आहोत, अशा अर्थाचं यशवंतराव उघडपणे बोलले. त्याबद्दल त्यांना सूर्याजी पिसाळ म्हटलं गेलं. दिल्लीच्या दृष्टीने तो फायदा होता, पण घरच्या मतदारांपुढे तोटा. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर फटका बसला. म्हणजे फायदा-तोट्याचा हिशोबसुद्धा एका ओळीत संपत नाही.

तिसरा प्रश्न : पुस्तकात काय नाही? यशवंतरावांचं 'कृष्णाकाठ' मी मोठ्या आशेने उघडलं. फोटोचं कोडं इथे सुटणार! पण ते पुस्तक १९४६ पाशी थांबतं. पुढचे भाग लिहायचा त्यांचा विचार होता, पण १९८४ मध्ये ते गेले. म्हणजे आबांच्या प्रश्नाचं उत्तर ज्या पुस्तकात मिळेल असं वाटलं, त्यात तो काळच नाही. शाळेत मात्र आपण मंगल कलश पाठ करतो आणि पुढे जातो.

चौथा प्रश्न : विरोधकसुद्धा काय मान्य करतो? ज्या गोष्टी दोन्ही बाजूंच्या पुस्तकांत सारख्या येतात, त्यांवर पाय ठेवून उभं राहता येतं. गोळीबार झाला, माणसं मेली, समितीने १९५७ ला मुसंडी मारली, हे कुणी नाकारत नाही. भांडण आहे ते श्रेयाचं आणि दोषाचं. चळवळीने राज्य मिळवलं की यशवंतरावांनी दिल्लीचं मन वळवलं? दोन्ही बाजू वाचून माझं मत असं झालं की १९५७ च्या निकालामुळेच यशवंतरावांच्या बोलण्याला दिल्लीत वजन आलं असणार. म्हणजे आबांचा काळा झेंडा आणि आबांचा हार, दोन्ही बरोबर! तुमचं मत वेगळं होऊ शकतं, पण वाचून होऊ द्या. य. दि. फडके यांचे 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र'चे खंड कागदपत्रं धुंडाळून लिहिलेले आहेत. जाड आहेत, पण आपल्या रेफरन्स बुकांपेक्षा नक्कीच वाचनीय आहेत.

इथपर्यंत सगळं पुस्तकी झालं. खरा धडा घरातच मिळाला.

आमच्या गावाला कालवा येणार, हे मी जन्मल्यापासून ऐकतोय. आबांकडे एका पिशवीत १९९० पासूनच्या विधानसभा निवडणुकांची प्रचारपत्रकं आहेत. प्रत्येक पत्रकात कालवा आहे. उमेदवार बदलले, चिन्हं बदलली, कालवा तोच. आबा ती पिशवी दाखवून म्हणायचे, "बघ, सगळे सारखेच."

मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर देण्याचा कायदा आहे. कागद आले. ते वाचल्यावर 'सगळे सारखेच' हे वाक्य मला पुन्हा तोंडातून काढता आलं नाही. १९९५ ला निवडून आलेल्या आमदारांनी तीन वर्षांत कालव्याबद्दल खात्याला सात पत्रं लिहिली होती. त्यांतल्या दोन पत्रांत कोणत्या गटातली जमीन अडलीय, हेसुद्धा लिहिलं होतं. त्यांच्या नंतरच्यांनी २००४ च्या पत्रकात 'काम सुरू' असं छापलं होतं, पण कागदांप्रमाणे पहिली निविदाच २००८ ची. आणि सात पत्रं लिहिणारे ते आमदार १९९९ ला पडले होते. आमच्या गावातूनही त्यांना मतं कमी पडली.

मी ती पत्रं आबांना वाचून दाखवली. आबांनी चष्मा काढला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी त्यांना मत दिलं न्हवतं. म्हटलं, सगळे सारखेच."

मित्रांनो, मेसमधल्या पहिल्या पक्षाला माझं एवढंच सांगणं आहे. 'सगळे चोर' म्हटल्याने चोराचं काहीच बिघडत नाही, उलट तो गर्दीत लपतो. मार खातो तो पत्रं लिहिणारा. आणि दुसऱ्या पक्षाला सांगायचं तर, आपल्या साहेबांचा झिरो एरर बघितल्याने साहेब लहान होत नाहीत. बघायलाच नको म्हणणारा भक्त मात्र फसतो.

पुढाऱ्यावर विश्वास ठेवावा का, याचं हो किंवा नाही असं उत्तर माझ्याकडे नाही. कुठल्या वाक्यावर किती ठेवावा, हे मात्र तपासता येतं. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरचे गुन्हे प्रतिज्ञापत्रात असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ते आपल्याला वाचायला मिळतं. माहितीचा कायदा २००५ चा आहे. आणि लायब्ररीत मराठीचं कपाट आहे, ज्याची किल्ली मागितली की लायब्ररीतले काका आधी दचकतात आणि मग आनंदाने देतात.

आबांनी पत्रकांच्या पिशवीत आता ती सात पत्रंही ठेवलीत. पुढच्या निवडणुकीला ती पिशवी घेऊन पारावर बसणार म्हणतात. तुमच्याही घरी अशी एखादी पिशवी असेल. या सुट्टीत जरा शोधा.