राज्यसभेत आपले कोण बसते?

आठवीच्या वर्गात संसदेचा पाठ सुरू झाला की एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. "सर, लोकसभेला अब्बा-अम्मी मत देतात, विधानसभेलाही देतात. राज्यसभेला कधी देतात?" देत नाहीत, असे सांगितले की पुढचा प्रश्न तयार असतो, "मग ती आपली कशी?" मोठ्या माणसांच्या मनातही हेच असते, फक्त ते विचारत नाहीत. राज्यसभा म्हणजे दिल्लीतल्या बड्या लोकांची बैठक, असे समजून आपण टीव्हीचा चॅनल बदलतो.

आधी एक घोळ दूर करू. मुंबईतली विधान परिषद आणि दिल्लीतली राज्यसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वरिष्ठ सभागृहे, म्हणून गल्लत होते. विधान परिषद राज्याची. तिथे आम्हा शिक्षकांचा वेगळा मतदारसंघ आहे आणि त्यासाठी आम्ही स्वतः मतदान करतो. राज्यसभा देशाची. उर्दूत तिला ऐवान-ए-बाला म्हणतात. तिचे सदस्य खासदार असतात आणि त्यांना निवडून देतात आमदार.

म्हणजे आपले मत तिथे पोहोचते, पण एक जिना चढून. आपल्या जिल्ह्यात विधानसभेचे चार मतदारसंघ आहेत: धाराशिव, तुळजापूर, उमरगा आणि परांडा. या चौघांच्या मतपत्रिका मुंबईत राज्यसभेच्या पेटीत पडतात. आपल्या आजोबांच्या पिढीत हा रस्ता मुंबईला नव्हे, हैदराबादला जात होता. १९५२ साली राज्यसभा पहिल्यांदा भरली तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि त्या राज्याच्या वाट्याला ११ जागा होत्या. आज महाराष्ट्राला १९ आहेत. अमेरिकेत राज्य लहान असो वा मोठे, प्रत्येकाला सिनेटच्या दोनच जागा. आपल्याकडे लोकसंख्येकडे पाहून जागा ठरल्या, म्हणून उत्तर प्रदेशाला ३१ आणि ईशान्येकडच्या काही राज्यांना एकेकच. सध्या एकूण जागा २४५. त्यांपैकी १२ जण राष्ट्रपती नेमतात. सदस्याची मुदत सहा वर्षे. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे हे सभागृह कधीच बरखास्त होत नाही.

आता मतदान कसे होते ते पाहू. २०२० आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या जागा बिनविरोध गेल्या, म्हणून कोणाला काही कळले नाही. पण १० जून २०२२ रोजी सहा जागांसाठी सात उमेदवार उभे राहिले. १९९८ नंतर पहिल्यांदाच मतदानाची वेळ आली. २८५ आमदारांनी मत दिले. मतपत्रिका दाखवण्याच्या नियमावरून एक मत बाद झाले, उरली २८४. या निवडणुकीत आमदार फुली मारत नाही. उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. प्रत्येक मताची किंमत १०० धरतात. म्हणजे २८,४०० ला सातने भागायचे (जागा सहा, अधिक एक) आणि येणाऱ्या ४,०५७ मध्ये एक मिळवायचा. झाला कोटा ४,०५८. सोप्या हिशेबात, ज्याच्याकडे पहिल्या पसंतीची ४१ मते, तो निवडून आला.

सहाव्या जागेसाठी सामना होता शिवसेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक यांच्यात. पहिल्या पसंतीची मते पवारांना ३३, महाडिकांना २७. आपल्या ग्रामपंचायतीत असे झाले असते तर पवारांचा गुलाल उधळला असता. इथे निवडून आले महाडिक. कारण भाजपच्या पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते, म्हणजे ४,८०० मूल्य मिळाले होते. कोट्यावरचे जे उरले, ते त्याच मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीकडे, महाडिकांकडे वाहून गेले. दोघांचे मिळून साधारण साडेचौदाशे. २,७०० मध्ये ते मिळवून पाहा. हे गणित मी मुलांना फळ्यावर करायला लावतो. एकदा केले की पुस्तकातला 'एकल संक्रमणीय मत' हा जडशीळ शब्द पाठ करावा लागत नाही.

त्या दिवशी आपल्या चार आमदारांपैकी तीन शिवसेनेचे आणि एक भाजपचा होता. पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. हा नियम २००३ च्या दुरुस्तीने आला. पैशाचा बाजार थांबावा हा त्यामागचा हेतू. त्याच दुरुस्तीने आणखी एक दार उघडले: उमेदवार त्या राज्याचाच रहिवासी हवा, ही अट गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बदल कायम ठेवले. २०२२ मध्ये काँग्रेसने उत्तर प्रदेशातले शायर इम्रान प्रतापगढी यांना महाराष्ट्रातून निवडून आणले, ते यामुळेच. मुशायऱ्यात त्यांना दाद देणारे आपल्याकडेही खूप आहेत, पण उमरग्याच्या माणसाने पाण्याचे किंवा पीकविम्याचे गाऱ्हाणे घेऊन त्यांना कुठे गाठायचे? राज्याचे सभागृह म्हणायचे आणि राज्यात राहण्याची अट काढायची, हे मला आजही पटत नाही.

आपल्या घरांसाठी या सभागृहाचे मोल वेगळेही आहे. २००४ मध्ये अ. र. अंतुले लोकसभेवर गेले. त्यानंतर महाराष्ट्रातून मुस्लिम खासदार लोकसभेत पोहोचला तो थेट २०१९ मध्ये, औरंगाबादहून. २०२४ मध्ये पुन्हा एकही नाही. राज्यसभेत मात्र औरंगाबादचे आमदार राहिलेले डॉ. रफीक झकेरिया, हुसेन दलवाई, माजिद मेमन असे लोक राज्यातून गेले. नजमा हेपतुल्ला महाराष्ट्रातून चार वेळा निवडून आल्या आणि त्यांनी सोळा वर्षांहून अधिक काळ उपसभापतीपद सांभाळले. देशाचा उपराष्ट्रपती हाच राज्यसभेचा सभापती असतो, म्हणून डॉ. झाकीर हुसेन, न्या. हिदायतुल्ला आणि हमीद अन्सारी हेही त्या खुर्चीवर बसले.

पैशाच्या विधेयकात राज्यसभेचे फारसे चालत नाही. १४ दिवसांत सूचना करायच्या. ऐकायच्या की नाही ते लोकसभा ठरवते. इतर कायद्यांत मात्र दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते. मतभेद मिटलाच नाही तर संयुक्त बैठक होते. आजवर ती तीनदाच झाली, आणि पहिली झाली ती १९६१ मध्ये हुंडाबंदीच्या कायद्यासाठी.

तीन तलाकचे विधेयक आठवा. डिसेंबर २०१७ मध्ये लोकसभेने ते मंजूर केले आणि राज्यसभेत ते अडकले. सरकारला अध्यादेश काढावे लागले. शेवटी ३० जुलै २०१९ रोजी ते ९९ विरुद्ध ८४ मतांनी पार झाले. बेरीज करा: १८३. सभागृह जवळपास अडीचशेचे. बरेच सदस्य त्या दिवशी जागेवर नव्हते, आणि त्यांत विरोधाची भाषा करणाऱ्या पक्षांचेही होते. कायद्याच्या बाजूने असा की विरोधात, ज्याला आपण पाठवले तो मतदानाला हजर होता का, हे विचारायचा हक्क दोघांनाही आहे. वक्फ दुरुस्ती विधेयकावर ४ एप्रिल २०२५ च्या पहाटे मतदान झाले तेव्हा आकडे १२८ विरुद्ध ९५ होते. मराठवाड्यात ज्या गावात जुनी मशीद, दर्गा किंवा कब्रस्तानची जमीन आहे, तिथे हे आकडे परके नाहीत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते. लोकसभेच्या खासदाराचा स्थानिक विकास निधी मुख्यतः त्याच्या मतदारसंघात खर्च होतो. राज्यसभेचा सदस्य मात्र आपल्या राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्यात कामे सुचवू शकतो, वर्षाला पाच कोटींपर्यंत. शाळेची खोली, वाचनालय, पिण्याच्या पाण्याची सोय यांत बसते. धाराशिव त्यांच्या यादीत नसेल तर पत्र लिहून मागता येते. महाराष्ट्राच्या १९ जणांची नावे, पत्ते, हजेरी आणि त्यांनी विचारलेले प्रश्न राज्यसभेच्या संकेतस्थळावर असतात. घरातल्या दहावी-बारावीच्या मुला-मुलींना मोबाईलवर ते उघडून दाखवायला सांगा.