गुडघे, तळहात आणि शांतता

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्याला साठ वर्षे उलटून गेली. त्याआधी फादर वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये मिस्सा अर्पण करत. भाविक कठड्याशी गुडघे टेकून जिभेवर कम्युनियन घेत. कण खाली सांडू नये म्हणून वेदीसेवक हनुवटीखाली तबकडी धरी. मध्यरात्रीपासूनचा कडक उपवास १९५३पासून सैल होत गेला आणि १९६४ साली एका तासावर आला. १९६९ साली नवा मिस्साविधी आला. लोकभाषा वेदीवर पोहोचली, वसईच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली. या बदलांबरोबर आदरही ओसरला, अशी खंत अनेक ज्येष्ठ बोलून दाखवतात. खंत प्रामाणिक आहे, पण तिचे निदान चुकते.

आदराची देहबोली कधीच एक नव्हती. इ. स. ३२५ च्या निकेया परिषदेने रविवारी गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करावी असे ठरवले, कारण तो पुनरुत्थानाचा दिवस. चौथ्या शतकातील जेरुसलेमचे बिशप सिरिल यांच्या नावे असलेली प्रवचने उजव्या हाताखाली डावा हात धरून, जणू राजासाठी सिंहासन करून, तळहातावर ख्रिस्तशरीर घ्यायला शिकवतात. भारतासाठी रोमने १९६९ साली बारा बाबींना मान्यता दिली. पादत्राणे काढणे, मांडी घालून बसणे, पंचांग प्रणाम आणि आरती त्यांत होत्या. हे हिंदू पद्धतीचे अनुकरण आहे, असा आक्षेप तेव्हापासून आहे. पण पवित्र जागी चप्पल काढणे ही या मातीची रीत आहे, आणि जळत्या झुडपासमोर मोशेलाही देवाने तेच सांगितले होते.

मग काहीही चालेल का? मुळीच नाही. जुन्या काळी लॅटिन न कळणारे अनेक जण मिस्सा चालू असताना रोझरी म्हणत. म्हणजे शांतता होती, पण सहभाग अपुरा होता. आज सहभाग वाढला, शांतता हरवली. परिषदेला दोन्ही हवे होते: ज्या दस्तऐवजाने लोकांना उत्तरे, गीते आणि हावभाव दिले, त्यानेच योग्य वेळी आदरयुक्त मौन पाळायला सांगितले. सुधारणेतला हा अर्धा भाग आपण अमलात आणलाच नाही. म्हणून गुडघे की तळहात हा वाद बाजूला ठेवू या. पुढच्या रविवारी मोबाइल बंद करून पाच मिनिटे आधी चर्चमध्ये बसू या, आणि कम्युनियननंतर थोडा वेळ काहीही न बोलता थांबू या.