मोटारीचे पाटे

मोटार घेताना मनुष्य इंजिनाची चौकशी करतो, आसनावर हात फिरवतो. खाली वाकून पोलादी पाटे पाहणारा विरळा. तथापि भार तोलणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आम्हां धान्यव्यापाऱ्यांस तरी पाट्यांविषयी जिज्ञासा असावी. आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. वाचनाने व अनुभवाने जे उमगले तेवढेच येथे मांडतो.

पाटे मोटारीहून जुने आहेत. १९ व्या शतकाच्या आरंभी लंडनमधील गाड्या बांधणारा ओबादाया इलियट याने घोडागाडीस लंबवर्तुळाकार पाटे बसविण्याचे पेटंट घेतले. पुढे पहिल्या मोटारी बांधणाऱ्यांनी घोडागाडीचे पाटेच उचलले. परंतु घोड्याच्या चालीस जे पुरे होते, ते इंजिनाच्या वेगास पुरेना.

एकच जाड पट्टी का घालीत नाहीत? हिशेब पाहण्याजोगा आहे. पट्टीची जाडी निम्मी केली की तिची भार पेलण्याची शक्ती चौथाई होते, ताठरपणा मात्र आठवा हिस्साच उरतो. म्हणून निम्म्या जाडीच्या चार पट्ट्या एकावर एक रचल्या, तर त्या मूळ पट्टीइतकाच भार पेलतात आणि दुप्पट लवतात. पोलाद दुप्पट लागते खरे, पण बसणाऱ्याच्या हाडांचा विचार करता सौदा वाईट नव्हे! शिवाय लवताना पट्ट्या परस्परांवर घासतात, त्यामुळे गाडीचे उसळणेही लवकर शमते.

१९०८ साली निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीस पुढे एक व मागे एक असे दोनच पाटे, तेही गाडीच्या रुंदीत आडवे बसविलेले होते. अमेरिकेतील खेड्यांचे रस्ते कच्चे. एक चाक उंचवट्यावर चढले तरी आस तिरपा होऊन निभावून नेई. त्या गाडीत व्हॅनेडियम मिसळलेले चिवट पोलाद वापरले होते.

पाट्याची परीक्षा आपल्या काट्यासारखीच असते. वजन उतरल्यावर काटा शून्यावर आला पाहिजे, तद्वत् पाटा दाबयंत्राखाली नेहमीच्या भारापलीकडे दाबून सोडतात व कमानीची उंची मोजतात. पहिल्या दाबाने तो किंचित बसतो. पुन्हा दाबल्यावरही बसत राहिला, तर तो कुचकामी. मात्र एवढ्याने भागत नाही. प्रशियाचा रेल्वे अभियंता ऑगस्ट वोलर याने १९ व्या शतकातच आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून दाखविले होते, की एका वेळी सहज पेलणारा भारही लक्षावधी वेळा पडला तर पोलाद मोडते. म्हणून पाटा सतत लववूनही पाहावा लागतो.

याचा प्रत्यय आम्हांस १९९४ साली आला. हुबळीहून बेळगावी ज्वारी आणणाऱ्या ट्रकचा मुख्य पाटा कित्तूरजवळ तुटला. ड्रायव्हरने गाडी खड्ड्यात आदळली असे ठरवून आम्ही त्याच्या मालकाच्या भाड्यातून नुकसान कापले. मिस्त्रीने तुटलेला तुकडा आमच्या हाती दिला. मोडीचा निम्मा भाग काळा पडून गंजलेला, निम्मा ताजा चकचकीत! चीर कित्येक महिने वाढत होती. आणि त्या महिन्यांत प्रत्येक खेपेस दहा पोती जादा चढविण्याचा आग्रह आमचाच होता. कापलेले भाडे आम्ही दुसऱ्याच दिवशी पोहोचते केले. ड्रायव्हर मात्र तोवर काम सोडून गेला होता.