पायाखालची प्रतिमा : 'सायलेन्स' या इतिहासपटाची ख्रिस्ती मीमांसा

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या 26 ख्रिस्तजनांना क्रूसावर चढवून भाल्यांनी विंधण्यात आले, त्यांत गोन्सालो गार्सिया हा वसईत जन्मलेला फ्रान्सिस्कन बंधू होता, आणि 1862 साली संतपदास पोचलेल्या या सुपुत्राचे नाव वसईच्या ख्रिस्ती समाजात आजही भक्तिभावाने घेतले जाते. त्यापूर्वी 1549 साली कागोशिमास उतरून जपानात शुभवर्तमानाची पेरणी करणारे संत फ्रान्सिस झेवियरही गोव्याहूनच निघाले होते. या दुहेरी नात्यामुळे मार्टिन स्कोर्सेसी यांचा 2016 सालचा 'सायलेन्स' हा चित्रपट मराठी ख्रिस्ती प्रेक्षकाला परक्या मुलखाची हकिकत वाटत नाही. आणि म्हणूनच त्याची परीक्षा कलेच्या कसोटीवर तशी श्रद्धेच्या कसोटीवरही करणे आपल्याला प्राप्त आहे.

शुसाकु एन्दो या जपानी कॅथलिक कादंबरीकाराच्या 1966 सालच्या 'चिन्मोकु' या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. 1614 साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदीचे फर्मान काढले. त्यानंतरच्या छळात, 1633 साली, क्रिस्तोव्हाव फेरेरा या ज्येष्ठ येशूसंघीयाने यातनांपुढे हार खाऊन धर्मत्याग केला. आपल्या गुरूविषयीची ही वार्ता खोटी ठरावी, या आशेने रोद्रिगेस आणि गारुपे हे दोन तरुण धर्मगुरू चोरून जपानात शिरतात. त्यांना निरोप देणारे त्यांचे येशूसंघीय वरिष्ठ व्हालिन्यानो वास्तविक 1606 सालीच निवर्तले होते. परंतु असली कालविपर्यासाची सवलत ऐतिहासिक ललितकृतीला द्यावयास हरकत नाही.

हुतात्म्यांचे चित्रण करताना स्कोर्सेसींनी जो संयम पाळला आहे, तो थोर आहे. भरतीच्या पाण्यात रोवलेल्या क्रूसांना बांधलेले खेडूत, लाटेमागून लाट तोंडावर येत असताना चार दिवस तग धरून क्षीण स्वरात स्तोत्र गाणारा मोकिची, आणि ख्रिस्ती दफन होऊ नये म्हणून प्रेते जाळून टाकणारे अंमलदार, हे सारे दिग्दर्शकाने अलंकाराशिवाय, जवळजवळ संगीताशिवाय दाखविले आहे. ज्यांच्या नावांची नोंद कोणत्याही दप्तरात राहिली नाही, अशा गरीब शेतकऱ्यांच्या श्रद्धेला इतक्या आदराने सामोरा जाणारा चित्रपट विरळा.

खरा वाद उद्भवतो तो अखेरच्या परीक्षेत. कैदेतल्या रात्री रोद्रिगेसला कुणीतरी घोरत असल्याचा आवाज येतो आणि पहारेकरी झोपला असावा असे वाटून त्याला त्याचा संताप येतो. पण तो आवाज असतो खड्ड्यात उलटे टांगलेल्या ख्रिस्तजनांच्या कण्हण्याचा. त्यांनी स्वतः कधीच धर्म सोडला आहे. धर्मगुरू ख्रिस्तप्रतिमेवर पाय ठेवील तेव्हाच त्यांची सुटका, असा सरकारी बेत आहे. त्या क्षणी प्रतिमेतून प्रत्यक्ष प्रभूच त्याला पाय ठेवावयास सांगतो, तो ठेवतो, आणि कोंबडा आरवतो.

दुसऱ्याच्या यातना थांबविण्यासाठी हतबल झालेल्या माणसाला दोषी ठरविण्याचा अधिकार आपणा सुखवस्तू प्रेक्षकांना नाही. मात्र प्रभूने स्वतःच आपल्या नाकाराची आज्ञा केली, असे म्हणणे निराळे. मनुष्यांसमोर मला नाकारणाऱ्याला मीही पित्यासमोर नाकारीन, हा मत्तयच्या शुभवर्तमानातील इशारा आणि तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला पुन्हा जवळ करणारी करुणा, या दोहोंचा तोल ख्रिस्तसभेने प्रथमपासून राखला आहे. 250 साली सम्राट डेसियसच्या छळात अनेकांनी देवतांपुढे यज्ञ केला, तेव्हा कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी त्या पतनाला पाप म्हटले आणि प्रायश्चित्तानंतर परत येण्याची वाटही मोकळी ठेविली. रोद्रिगेसच्या प्रसंगात चित्रपटाने यातील करुणा घेतली आणि पश्चात्ताप वगळला.

इतिहासाची साक्षही येथे ध्यानात घ्यावी लागते. फेरेराने सुमारे पाच तासांत हार मानली त्याच प्रसंगी ज्युलियन नाकाउरा हा जपानी धर्मगुरूही उलटा टांगलेला होता. किशोरवयात गोव्यावरून युरोपास जाऊन आलेला हा पुरुष दिवसांमागून दिवस यातना सोसून मरण पावला, आणि 2008 साली ख्रिस्तसभेने त्याला धन्य घोषित केले. त्याला चित्रपटात स्थान मिळाले असते, तर दुसऱ्यांना वाचविण्यासाठी धर्मत्याग योग्य ठरविणाऱ्या फेरेराच्या युक्तिवादाला तोलाचे उत्तर मिळाले असते. छपून राहिलेल्या ख्रिस्तजनांनाही पुढे पिढ्यान्‌पिढ्या प्रतिमेवर पाय ठेवावा लागला. परंतु त्याला त्यांनी पुण्य मानले नाही, घरी परतून ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत, आणि 1865 साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये फादर पेतिजां यांच्यापुढे त्यांचे वंशज प्रकट झाले तेव्हा, धर्मगुरूंवाचून दोनशेहून अधिक वर्षे जपलेली ही श्रद्धा जगाला कळली.

या परंपरेशी सर्वांत इमानी असे चित्रपटातील पात्र म्हणजे भित्रा किचिजिरो. तो वारंवार धर्म नाकारतो, धर्मगुरूला पकडून देतो, आणि तितक्याच वेळा पापनिवेदनासाठी परत येतो. अंत्यविधीच्या वेळी रोद्रिगेसच्या हातात दिसणारा मोकिचीचा चिमुकला क्रूस ही स्कोर्सेसींची, मूळ कादंबरीत नसलेली, भर आहे. रोद्रिगेसच्या पतनाला अखेरचा शब्द मानण्यास दिग्दर्शकाचे मनही राजी नव्हते, हे त्यावरून दिसते.

माझा निर्णय असा : 'सायलेन्स' हा प्रामाणिक, वेदनेने जाणता आणि प्रौढ ख्रिस्ती प्रेक्षकाने अवश्य पाहावा असा चित्रपट आहे, तथापि धर्माचा वस्तुपाठ त्यात रोद्रिगेसच्या पावलाने दिलेला नाही, तो मोकिचीच्या मरणाने आणि किचिजिरोच्या परतण्याने दिला आहे, हे विवेकाने ओळखूनच तो पाहिला पाहिजे.